तुटलेला तुकडा धुऊ नका

मागच्या अंकात मी वाचकांना विनंती केली होती, की कारखान्यात, शेतात, घरात धातूची एखादी वस्तू तडकली, वाकली किंवा तुटली तर मला कळवा. पत्रे भरपूर आली. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका तपासणी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे हेच काम केले. टेबलावर कापडात गुंडाळलेला तुकडा यायचा आणि सोबत एकच प्रश्न असायचा, 'मॅडम, चूक कुणाची?' पत्रांतूनही तोच प्रश्न पुन्हा आला आहे. म्हणून ज्या पत्रामागे एका माणसाची नोकरी टांगणीला लागली आहे ते पहिले घेते.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यात जानेवारीत रात्रपाळीला तिसऱ्या मिलचा टॉप रोलर शाफ्ट, म्हणजे ऊस पिळणाऱ्या वरच्या रोलरचा दांडा, तुटला. त्याचा सहावा हंगाम होता. रात्रीच्या फिटरने हायड्रॉलिक प्रेशर वाढवले म्हणून शाफ्ट तुटला, असा अहवाल वर गेला आणि त्याच्यावर चौकशी लागली. प्रेशरला हात लावला नाही असे तो शपथेवर सांगतो. तुटलेल्या तोंडाचे फोटो पाठवत आहे. यावरून काही सांगता येते का? – मिल हाऊसमधील कामगार, सांगली जिल्हा

उत्तर : फोटोवरून मी अंतिम निकाल देणार नाही. त्यासाठी तुकडा हातात हवा. पण तुम्ही फोटो चांगले काढलेत, बाजूला पट्टी ठेवलीत आणि तोंड पुसले नाहीत. त्यामुळे बरेच काही दिसते आहे.

आधी शाफ्ट बाजूने पाहा. दोन्ही तुकडे सरळ आहेत, कुठे वाक नाही, पीळ नाही. शाफ्टचे पोलाद मऊ आणि चिवट असते. एका दणक्यात जास्त भार आला असता तर ते आधी वाकले असते, पिळले असते, तुटलेल्या कडेला धातू ओढला गेला असता. इथे मोडलेल्या खडूसारखा सरळ काप आहे.

आता तोंडाकडे पाहा. तुमच्या दुसऱ्या फोटोत साधारण तीन चतुर्थांश भाग काळपट, तपकिरी आणि गुळगुळीत आहे. उरलेला भाग खरखरीत, करडा आणि चमकणारा आहे. गुळगुळीत भागात कडेपासून आत सरकत गेलेल्या कमानदार रेषा आहेत. कृष्णेचा पूर ओसरताना घाटाच्या पायऱ्यांवर गाळाच्या रेषा राहतात ना, तशा. पाणी कुठल्या दिवशी कुठपर्यंत होते हे त्या रेषा सांगतात, तसे या रेषा तडा कुठल्या टप्प्यात कुठपर्यंत पोचला होता ते सांगतात. ऊस आला नाही म्हणून मिल थांबली, साफसफाईला थांबली, हंगाम संपून सहा-सात महिने बंद राहिली, अशा प्रत्येक वेळी तडा जिथे होता तिथे गंजाची एक रेघ उमटते. काळपट भाग म्हणजे जुना तडा. त्या रात्री नवा तुटला तो फक्त चमकणारा भाग.

याला धातूचा थकवा म्हणतात. शाफ्ट फिरतो तेव्हा त्याच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. मिल मिनिटाला ५ फेरे घेते असे धरू. दिवसाला ७,२०० फेरे, १५० दिवसांच्या हंगामात १०,८०,००० फेरे. सहा हंगामांत पासष्ट लाखांच्या आसपास. एकदा लावला तर शाफ्टला काहीही होणार नाही असा भार लाखो वेळा उलटसुलट लावला, की कुठेतरी बारीक तडा सुरू होतो. हे कळायला माणसांना मोठी किंमत मोजावी लागली. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डब्यांना आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसे गेली. थरथरण्याने लोखंडाचे आतून दाणे होतात आणि ते ठिसूळ बनते, असे तेव्हा पुष्कळ जण मानत होते. आपल्या वर्कशॉपमध्ये आजही तुटलेले तोंड पाहून 'दाणेदार माल निघाला' म्हणतात, ते अगदी तसेच. दाणे, म्हणजे धातूचे स्फटिक, पहिल्या दिवसापासून असतातच. पुढे प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्होलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे पुन्हापुन्हा भार लावून पाहिला आणि भार किती व फेरे किती यांचा हिशेब मांडला. पोलादाला एका मर्यादेखालचा भार कितीही वेळा दिला तरी चालतो, हेही त्यातून कळले.

तुमच्या शाफ्टच्या बाबतीत ही मर्यादा उपयोगी पडत नाही आणि त्याचे कारण आहे उसाचा रस. रस आंबट असतो. शाफ्टवर ओतीव लोखंडाचे शेल, म्हणजे बाहेरचे आवरण, तापवून बसवलेले असते. शेलची कड संपते आणि जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये टेकणारा भाग, सुरू होते त्या कोपऱ्यात रस झिरपतो. आंबट रसात भिजलेल्या पोलादाला 'एवढ्या भारापर्यंत सुरक्षित' अशी मर्यादा उरतच नाही. शिवाय शेलची कड शाफ्टवर केसाएवढी मागेपुढे घासत राहते. तुमच्या तिसऱ्या फोटोत त्या कडेपाशी लालसर भुकटी दिसते, ती या घासण्यातूनच आलेली असावी. आणि परिघावर एकाच जागी नव्हे, पाच-सहा जागी करवतीच्या दात्यांसारख्या छोट्या पायऱ्या आहेत. तेवढ्या जागी वेगवेगळे तडे सुरू झाले आणि पुढे एकमेकांना मिळाले. माझ्या नजरेला हे जुने दुखणे दिसते, एका रात्रीचे नाही.

शेवटी तुटलेला भाग एकूण तोंडाच्या चौथ्या हिश्शाएवढाच आहे, हेही नीट लक्षात घ्या. म्हणजे उरलेल्या पाव शाफ्टने त्या रात्रीपर्यंत सगळा भार ओढला. नेहमीचा भारच फार मोठा असता तर अर्धा शाफ्ट शिल्लक असतानाच तो गेला असता. फिटरने त्या रात्री प्रेशर वाढवले असेल असे क्षणभर धरले, तरी जे दोन-चार दिवसांनी होणार होते ते तेव्हा झाले, एवढेच म्हणता येईल. तडा त्याने लावलेला नाही.

तुम्ही आता काय करायचे? लेखी मागणी करा की तुकड्याची स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासणी व्हावी. तोपर्यंत दोन्ही तोंडांवर स्वच्छ मशिन ऑइलचा पातळ हात द्या, वर प्लॅस्टिक बांधा आणि तुकडे छपराखाली ठेवा. वायर ब्रश लावू नका. डिझेलने धुऊ नका. आणि 'बसतंय का बघू' म्हणून दोन तोंडे एकमेकांवर टेकवू तर मुळीच नका. त्या घर्षणात सगळ्यात बारीक खुणा आधी पुसल्या जातात.

हे मी तळमळीने लिहिते याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्याकडे एका कारखान्यातून असाच शाफ्ट आला. 'साहेब बघायला येणार' म्हणून तो घासून, धुऊन, वर लाल रंग मारून पाठवला होता. त्यावर वाचण्यासारखे काही उरले नव्हते. मी अहवालात 'कारण ठरवता येत नाही' एवढेच लिहू शकले. भुर्दंड शेवटी शाफ्टला टर्निंग करून देणाऱ्या एका छोट्या लेथवाल्यावर बसला. त्याचे काम चांगले होते की वाईट, मला आजही माहीत नाही. तो माणूस लॅबच्या दारात उभा होता तो मला अजून दिसतो.

चीफ इंजिनिअरसाहेबांनी हे वाचले तर त्यांच्यासाठी : बंद हंगामात प्रत्येक शाफ्टची टोकाकडून अल्ट्रासॉनिक तपासणी करून घ्या. जर्नलचा कोपरा साफ करून डाय पेनिट्रंट, म्हणजे बारीक तडा दाखवणारा रंग, मारा. नवा शाफ्ट घेताना कोपऱ्याचा रेडियस, म्हणजे गोलाई, मोठा ठेवायला सांगा आणि त्यावर टूलची एकही रेघ दिसणार नाही इतका पॉलिश करून घ्या. झिजलेल्या जर्नलवर वेल्डिंगचा थर चढवण्याचा मोह टाळा. उरलेले शाफ्टही याच वयाचे असतील तर आधी ते तपासा, चौकशी नंतर करा.

प्रश्न : सासूबाईंच्या काळचा बिडाचा तवा. घावन झाल्यावर गरम तव्यावर पाण्याचा हबका मारला आणि टणकन आवाज होऊन कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. वेल्डिंग होईल का? – गृहिणी, रत्नागिरी

उत्तर : ताई, नाही होणार, आणि कुणी करून दिले तरी शेजारी पुन्हा तडकेल. बिडात कार्बन पत्र्यांच्या रूपात असतो, पापुद्र्यासारख्या बारीक पत्र्या. दाब सोसायला बीड भक्कम, पण ओढ सोसत नाही, प्रत्येक पत्री म्हणजे तयार चीर. पाणी पडले तेवढी जागा एकदम आकसली, आजूबाजूचा तापलेला भाग आकसेना, मधल्या मध्ये ओढाताण झाली. नवा तवा घ्याल तेव्हा तो चुलीवरच निवू द्या. जुना तवा टाकवत नसेल तर तुळशीजवळ ठेवा, माझ्या आईने तसाच ठेवला होता.

प्रश्न : आमच्या गोठ्यात गाईंच्या पाण्याच्या लाइनला पितळी कॉक बसवले. वर्ष-दीड वर्षात एकेक कॉक उभा चिरतो. घरातल्या नळांना तेच कॉक आहेत, त्यांना काही होत नाही. दुकानदार म्हणतो माल एकच. कंपनी बदलून पाहिली, तरी तेच. – दूध उत्पादक, वाळवा तालुका

उत्तर : दादा, दुकानदार खरे बोलतो आहे. फरक मालात नाही, हवेत आहे. गोठ्यात शिरताना डोळ्यांना झोंबते ती वाफ अमोनियाची. मूत्र आणि शेण कुजले की तो तयार होतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, आणि जास्त जस्ताच्या पितळेचे अमोनियाशी वैर आहे.

या दुखण्याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसे पावसाळा आला की साठवणीत पडल्या पडल्या चिरायची. कुणी उडवली नाहीत, कुणी आपटली नाहीत. पावसाळ्यात होते म्हणून इंग्रजांनी त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव दिले. काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत, तबेल्यात अमोनिया आणि वर पावसाळी दमट हवा. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. पत्रा ओढून काडतूस बनवताना पितळेत ताण कोंडून राहतो, बाहेरून दिसत नाही. अमोनिया दाण्यादाण्यांमधल्या सांध्यांतून आत शिरतो आणि कोंडलेला ताण ती फट उघडत नेतो. ताण, अमोनिया आणि ओल तिन्ही एकत्र आले तर तडा. यातले एक काढून घेतले तर तडा नाही.

तुमच्या कॉकमध्ये ताण कुठून आला? चिरलेला कॉक हातात घ्या आणि चीर कुठल्या टोकाला सुरू झाली ते बघा. माझा अंदाज आहे की ज्या टोकात लोखंडी पाइप शिरतो त्या टोकाला. पाइपचे आटे निमुळते असतात. त्यावर टेफ्लॉन टेपचे दहा वेढे मारून प्लंबरने लांब पान्याने आवळले, की पाइप पाचरीसारखा आत शिरतो आणि कॉकचे तोंड आतून फाकवत राहतो. म्हणून चीर उभी जाते. चिरेच्या कडेला निळसर हिरवी छटा असेल तर अमोनियाची शंका आणखी पक्की होते. घरात पाना तेवढाच लागला असेल, पण घरात अमोनिया नाही.

उपाय सोपा आहे. गोठ्यात पितळ नको. स्टेनलेस स्टील किंवा चांगल्या प्लॅस्टिकचे कॉक घाला. गनमेटल मिळाले तरी चालेल, त्यात जस्त फार कमी असते. आणि खरेच सांगते, डोळ्यांना झोंबण्याइतका अमोनिया गाईंच्या फुप्फुसांनाही बरा नाही. मूत्राची गटार रोज वाहती ठेवा आणि वरून हवा जायला जागा करा.

प्रश्न : आम्ही छोटे मशिन बिल्डर. गिऱ्हाइकाने गंजू नये म्हणून सांगितल्यावर १२.९ ग्रेडचे अॅलन बोल्ट बाहेरून झिंक प्लेटिंग करून घेतले. टॉर्क रेंचने बरोबर आवळले. दुसऱ्या दिवशी सकाळी चार बोल्टची डोकी तुटून खाली पडलेली. रात्रभर मशिन बंद होते. – उद्योजक, भोसरी

उत्तर : मशिन बंद असताना तुटले, हाच यातला सर्वांत मोठा पुरावा आहे. हा हायड्रोजन आहे.

प्लेटिंगच्या आधी बोल्ट आम्लात बुडवतात, मग टाकीत वीज सोडतात. दोन्ही ठिकाणी हायड्रोजन सुटतो आणि त्याचा काही भाग पोलादात शिरतो. तो मूलद्रव्यांत सर्वांत हलका आणि अगदी लहान, कुठेही घुसतो. मऊ बोल्टला त्याचे फारसे काही होत नाही. पण १२.९ चा अर्थच असा की ओढून तोडायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,२०० न्यूटन लागतात आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल सी पट्टीवर तो ३९ ते ४४ भरतो. इतक्या कडक पोलादाला हायड्रोजन सोसत नाही. आवळल्यावर जिथे ताण जास्त, म्हणजे डोक्याखालचा कोपरा आणि पहिला आटा, तिकडे तो हळूहळू जमा होतो. काही तासांनी किंवा दोन दिवसांनी, कुणी हात न लावता, बोल्ट जातो. तुटलेले तोंड भिंगाखाली धरा. साखरेच्या खड्यासारखे लुकलुकणारे कण दिसतील.

त्या खेपेतला एकही बोल्ट वापरू नका, जे अजून तुटले नाहीत तेसुद्धा. बसवलेले काढून घ्या. प्लेटिंगनंतर लवकरात लवकर, चार तासांच्या आत, १९० ते २२० अंशांवर बरेच तास भाजून हायड्रोजन काढता येतो. पण तुमच्या खेपेची वेळ निघून गेली आहे, एकदा तडा सुरू झाला की भाजून उपयोग नाही. प्लेटिंगवाल्याला बोल्ट देताना ग्रेड सांगितला होता का, तेही पाहा. सांगितला नसेल तर सगळा दोष त्याच्या माथी मारू नका. पुढच्या वेळी १२.९ ला काळा फिनिश आणि तेल पुरवा, किंवा वीज न लावता चढणारे झिंक फ्लेक कोटिंग घ्या. डिझाइनमध्ये जागा असेल तर जाड ८.८ चा, म्हणजे कमी कडक ग्रेडचा, बोल्ट घाला, तो सगळ्यांत निर्धास्त.

प्रश्न : ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीचा एक्सल चाकाजवळ तुटला. गावातल्या वेल्डरने भरून दिला. पंधरा दिवसांत वेल्डिंगच्या अगदी शेजारी पुन्हा तुटला. वेल्डिंग मात्र जागच्या जागी आहे. वेल्डर म्हणतो माझे काम पक्के होते. – ट्रॅक्टरमालक, कागल

उत्तर : वेल्डरने लबाडी केलेली दिसत नाही. पण त्याच्या हातून एक्सलला नकळत पाणी दिले गेले.

लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा लाल धार पाण्यात बुडवतो आणि ती कडक होते. एक्सलच्या पोलादात कार्बन चाळीस-पंचेचाळीस पॉइंट, म्हणजे ०.४० ते ०.४५ टक्के, असतो, त्यामुळे कोयत्यासारखाच तो कडक होऊ शकतो. वेल्डिंगची ज्योत लागली तेव्हा शेजारची काही मिलिमीटर पट्टी लाल झाली आणि बाकीचा थंड, जाडजूड एक्सल तिची उष्णता झटक्यात ओढून घेऊन मोकळा झाला. बादलीभर पाणी लागले नाही, थंड एक्सलनेच ते काम केले. ती पट्टी काचेसारखी ठिसूळ झाली. रॉड ओले असतील तर वरून हायड्रोजनही आला, वर भोसरीच्या बोल्टला सांगितला तोच. मग तडा वेल्डमधून कशाला जाईल? तो शेजारच्या पट्टीतून गेला.

अशा पोलादाला वेल्डिंग करायचेच तर आधी भोवतीचा भाग दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, लो-हायड्रोजन रॉड भट्टीत सुकवून वापरावे लागतात आणि काम झाल्यावर तो भाग राखेत किंवा चुन्यात पुरून सावकाश निववावा लागतो. हे तुमच्या वेल्डरला जरूर दाखवा, ट्रॉलीचा हुक, फाळ असल्या कामांना त्याला उपयोगी पडेल. पण चाकाचा एक्सल एवढे सगळे करूनही भरून घेऊ नये. हंगामात ट्रॉली उभी राहिली की खेप बुडते आणि तोडणी टोळी खोळंबते, हे मला ठाऊक आहे. तरीही नवा एक्सल घाला. बसवण्याआधी एक्सलची जाडी जिथे बदलते त्या पायरीच्या कोपऱ्यावर नख फिरवा. नख अडले, रेघ लागली, तर लेथवर परत पाठवून तो कोपरा गोल आणि गुळगुळीत करून घ्या.

आणि जुन्याचे दोन्ही तुकडे भंगारात देऊ नका. पहिल्यांदा तुटला ते तोंड आता वेल्डिंगखाली गेले आहे, ते कायमचे गेले. पण दुसऱ्या तुटीचे तोंड तुमच्याकडे आहे. त्याला तेल लावा, जुन्या बनियनमध्ये गुंडाळा आणि संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकासाठी मी ते कापून, पॉलिश करून पाहीन.